हिपॅटायटिस सी : सोफो-डॅकला घ्यावं की सोफो-व्हेल्पा?

रामदासपेठेतले डॉक्टर एक गोळी लिहितात, मेडिकलमध्ये दुसरी सांगतात, अन् घरचे म्हणतात महागवालीच घेऊन टाकू. थांबा भाऊ. दोन्हीत सोफोसबुव्हिर ४०० एमजी तेच आहे, फरक फक्त जोडीच्या औषधाचा, एकीकडे डॅकलाटासव्हिर ६०, दुसरीकडे व्हेल्पाटासव्हिर १००. दोन्ही रोज एकदा, साधारण १२ आठवडे.

सगळं अडतं ते सिरोसिसवर, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसलं का यावर. एसजीओटी (लिव्हरची रक्ततपासणी) अन् प्लेटलेटवरून अंदाज येतो, शंका असली तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालं ते मोजणारी तपासणी. सिरोसिस नाही अन् पहिलीच ट्रीटमेंट असेल तर डॅकला भरपूर झालं, सरकारच्या २०१८ च्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात हेच आधी देतात, तेही फुकट, उगाच खिसा रिकामा करू नका. सिरोसिस असेल तर मात्र व्हेल्पाच, कारण आपल्या देशात या व्हायरसचा जीनोटाइप ३ हा प्रकार जास्त दिसतो आणि परदेशातल्या ट्रायलमध्ये या टाइपच्या सिरोसिसवाल्यांपैकी १२ आठवड्यांच्या डॅकलानं ६३ टक्केच बरे झाले, व्हेल्पाच्या वेगळ्या ट्रायलमध्ये ९१ टक्के. पोटात पाणी झालं असेल तर हिशोबच वेगळा, तो स्पेशालिस्टनंच करावा.

पण व्हेल्पाला पोटातलं ॲसिड लागतं. सावजी खाऊन रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेणारे आपल्याकडे घरोघरी आहेत, ती गोळी सोबत चालू असली तर व्हेल्पा अंगात नीट उतरतच नाही. डॉक्टरला हे आधी सांगाच. डॅकलाला ही अडचण तेवढी नाही. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर दोन्ही कोर्स चालत नाहीत.

आता रेझिस्टन्स, म्हणजे व्हायरस औषधाला दाद देत नाही तेव्हा. डॅकला अन् व्हेल्पा दोघंही व्हायरसच्या एनएस५ए याच प्रोटीनवर मारा करतात, त्यामुळे एक फेल गेलं आणि वाय९३एच सारखं म्युटेशन (त्या प्रोटीनमधला बदल) उरलं तर दुसऱ्याचाही जोर कमी होतो, आणि हे म्युटेशन वर्षानुवर्षं टिकून राहतं. मग २४ आठवडे व्हेल्पा अन् सोबत रिबाव्हिरिन अशी वेळ येते, ते तांबड्या पेशी फोडतं, म्हणजे विदर्भातल्या सिकलसेल-थॅलेसेमियाच्या पोरांसाठी फार जड. म्हणून पहिला कोर्स लग्नकार्य, गावाला जाणं काहीही असो, एक गोळी न चुकवता पुरा करा.

सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासून घ्या, तो दबलेला असला तर या औषधांनी उसळू शकतो. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए टेस्ट (रक्तात व्हायरस उरला का ते सांगणारी) करा, अँटीबॉडी नको, ती बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते.