पत्रा उघडा करतो म्हणाला आणि गंजावरच लांबी फासली

बाबांची मारुती ८०० आहे, १९९७ची. घर रत्नागिरीत, समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कितीही जपा खारी हवा पत्रा खातेच. बॉनेट आणि पुढचे दोन दरवाजे खालून गंजले होते म्हणून मार्चमध्ये रंगवायला दिले. पेंटर छातीठोकपणे म्हणाला, साहेब जुना रंग सगळा काढतो, पत्रा उघडा करतो, त्यावर इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर), मग लांबी (खड्डे भरायची पुट्टी), सरफेसर (रंगाआधीचा गुळगुळीत थर), रंग, दहा वर्षं बघायला नको. तीन पार्टचे २८,००० ठरले, १५,००० ॲडव्हान्स. दुसरा एक जण वरवर घासून १४,०००त करून देत होता, म्हणजे मी डबल पैसे मोजले ते फक्त त्या उघड्या पत्र्यासाठी.

मी नोकरीला पुण्यात, रोज जाऊन बघणं शक्य नव्हतं, तर पठ्ठ्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, चांदीसारखं चकचकीत बॉनेट. मी खूश, घरच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच उरलेले पैसे पण जीपे केले. आमच्या बॉनेटला डाव्या कोपऱ्यात नारळ पडून पोचा आलेला, तो फोटोत नव्हताच. बाबांनी तेव्हाच विचारलं, "पोचा कुठे गेला रे?" मी म्हटलं ठोकून काढला असेल. शहाणा ना मी.

मेमध्ये गाडी घरी आली, दिसायला झकास. पाऊस लागला आणि गणपतीच्या आधी दरवाज्याच्या खालच्या कडेला मसुराएवढे फोड. एक नखाने फोडला तर आत तपकिरी पाणी. चुलतभाऊ मुंबईत बॉडीशॉपला आहे, तो गणपतीला आलेला, त्याने फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं, मध्ये कागद धरून दरवाज्यावर फिरवलं, वर चटकन चिकटलं आणि खाली आल्यावर टपकन पडलं. खाली नुसती लांबी. मग फोडाच्या जागी थोडं खरवडून थिनरची चिंधी घासली तर राखाडी प्रायमर सगळा चिंधीवर. म्हणाला, दादा इपॉक्सीत हार्डनर असतो, ते एकदा नीट वाळलं की थिनरने असं धुऊन निघत नाही, हे साधं एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनरने विरघळणारं) प्रायमर आहे, तेही जुन्या रंगावर आणि गंजावर मारलंय. वरून लांबी पाणी पिते, मग काय, आत गंजाची मजाच.

खरं काम कसं असतं ते त्याच्याकडून तेव्हा कळलं. गंज मुळापासून काढायचा, खड्ड्यातला काळा ठिपकासुद्धा ठेवायचा नाही. गंज खाणारं ॲसिडचं लिक्विड लावलं तर ते नीट धुऊन पूर्ण सुकवायचं नाहीतर वरचं इपॉक्सी धरत नाही. मग डीग्रीझरने पुसायचं, आणि त्यानंतर उघड्या हाताने पत्र्याला शिवायचं नाही कारण घामाचं मीठ आणि तेल लागतं. आणि प्रायमर त्याच दिवशी. आमच्याकडच्या दमट हवेत पत्रा रात्रभर उघडा राहिला की सकाळी तांबूस झालेला असतो.

तर कोणी करून घेणार असाल तर पत्रा उघडा झाला त्या दिवशी सुट्टी टाका पण स्वतः जा, चेसिस नंबर आणि पार्ट एकाच व्हिडिओत घ्या, इपॉक्सीचा आणि हार्डनरचा असे दोन्ही डबे समोर फोडायला लावा, बिलावर इपॉक्सी लिहून घ्या. माझ्याकडे बिलच नव्हतं, जीपेला नुसतं 'रंगकाम' लिहिलेलं. पेंटरला फोन केला तर म्हणे, "कोकणात गंज येणारच साहेब, समुद्राला मी काय करू?" नंतर फोन उचलणंच बंद.

परवा भावाने बॉनेट उतरवून ग्राइंडर लावला. पाचेक मिलीमीटर लांबी उडाली आणि खाली तो नारळाचा पोचा, जिथल्या तिथे. बाबांनी त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.