फुंकरीवर लागणारा दिवा

तळहातावर मावेल एवढी पवनचक्की, मागे खेळण्यातल्या गाडीत असते तसली मोटर, तिच्या दोन वायरी आणि टोकाला एलईडी. सेल नाही, चार्जिंग नाही. फुंकर मारायची, पात्यांबरोबर मोटर फिरते, वीज तयार होते आणि दिवा लागतो. भाचीसाठी हे किट आणलं. दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा ती म्हणाली, "मामा, फुंकर मारली की दिवा विझतो ना?" माझे पैसे तिथेच वसूल झाले.

पण त्याआधीचा तासभर फुकट गेला होता. पाती गरगर फिरायची आणि एलईडी ढिम्म. एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते, त्यामुळे वायरी उलट जोडल्या तर कितीही फुंका, तो लागत नाही. माहितीच्या कागदावर याबद्दल एक ओळ नाही. ज्या मुलाच्या शेजारी मोठं माणूस बसलेलं नसेल, ते "बिघडलंय" म्हणून किट बाजूला टाकेल. याचा मला खरंच राग आला.

दुसरी अडचण सुरुवातीची. मोटरच्या आतली चुंबकं लोखंडी गाभ्याला धरून ठेवतात, म्हणून पाती अडखळत सुटतात. बोटाने हलकी टिचकी मारा, मग फुंका. तोंड उघडं ठेवून हवा सोडू नका, ओठांचा चंबू करा किंवा स्ट्रॉ घ्या आणि झोत पात्यांच्या टोकाकडे धरा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ताकद आठपट होते. हे सूत्र मी शाळेत पाठ केलं होतं, गालांना कळलं ते आता.

सगळ्यात मोलाची गोष्ट चुकून घडली. भाची फुंकत असताना वायरींची सुटी टोकं एकमेकांना टेकली आणि पात्यांचा बारीक सूंऽऽ एकदम खाली उतरला. "कुणीतरी धरलं!" ती ओरडली. खरंच धरलं होतं. वीज वाहू लागली की मोटर पात्यांना मागे ओढते. फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये चुंबक आणि तारेतून वीज काढून दाखवली. त्या विजेची किंमत मोजावी लागते, हे मात्र या पोरीला तिच्या श्वासातून कळलं. एवढ्यासाठीसुद्धा मी हे किट कुणालाही सुचवेन.

खोक्यावर मोबाइल चार्ज होतानाचं चित्र आहे, ते काढून टाकायला हवं. साधा चार्जर ५ वॉट देतो. एलईडीला वॉटचा शंभरावा भाग पुरतो, आणि तेवढ्यासाठीही गाल दुखतात. सलग फुंकू देऊ नका. शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, भाचीला आलीही. चार-पाच फुंकरा, मग विश्रांती. स्ट्रॉ प्रत्येकाची वेगळी.

सोबत लाल आणि पांढरा असे दोन एलईडी येतात. लाल सुमारे २ व्होल्टवर लागतो, पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात, म्हणून तो नुसता लुकलुकायचा. काल भाचीने जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची पाती कापली आणि जराशी पिळून बसवली. चौथ्या प्रयत्नात पांढरा दिवा नीट लागला.