काट्याचा छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ: दिवाळी ते आषाढ वापरून

गेल्या दिवाळीनंतर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, दीड हजाराच्या आत एक काट्याचा रेडिओ घेतला. तळहाताहून थोडा मोठा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, एफएम, मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हचे दहा पट्टे. आता आषाढ लागलाय. रोज वापरून जे हाती लागलं ते इथं सविस्तर लिहिते, कारण घेताना मला मराठीत असं काही वाचायला मिळालं नव्हतं. कंपनीचं नाव देत नाही. आत तेच सर्किट आणि बाहेर वेगळं नाव, असे रेडिओ बाजारात बरेच आहेत आणि पारखायच्या गोष्टी सगळ्यांत सारख्याच आहेत.

मी कर्वेनगरला घरीच शिवणकाम करते. हात कामात, डोळे सुईवर, त्यामुळे कान तेवढे मोकळे असतात. मोबाइलवर सगळं ऐकता येतं हे खरं, पण मधेच गिऱ्हाइकाचा फोन येतो आणि कार्यक्रम तुटतो. शिवाय शॉर्टवेव्हची गोडी माहेरची आहे. दूरच्या देशातून कुणीतरी बोलतंय आणि ते मधल्या कुठल्याही तारेशिवाय माझ्या खिडकीपर्यंत पोचतंय, याचं मला अजूनही तेवढंच अप्रूप वाटतं.

खोक्यावर ‘बारा बँड’, ‘अकरा बँड’ असं ठळक छापलेलं असतं. त्या आकड्यावर जाऊ नका. बघायचं ते हे, की प्रत्येक मीटर बँडला काट्याची पूर्ण लांबी मिळाली आहे का. शॉर्टवेव्हवरची स्टेशनं ठरलेल्या पट्ट्यांत बसलेली असतात: ४९ मीटर म्हणजे साधारण ५.९ ते ६.२ मेगाहर्ट्झ, ३१ मीटर म्हणजे ९.४ ते ९.९, २५ मीटर ११.६ ते १२.१, १९ मीटर १५.१ ते १५.८. (३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की मीटर निघतात, एवढं गणित पाठ असलं की पुरतं.) काही स्वस्त रेडिओंत एसडब्ल्यू-१ आणि एसडब्ल्यू-२ असे दोनच भाग असतात आणि ३ पासून २२ मेगाहर्ट्झपर्यंतचं सगळं त्यात कोंबलेलं असतं. तिथं बोट जरा हललं की चार स्टेशनं मागं पडतात. माझ्या रेडिओत ३१ मीटरचा एकटा पट्टा काट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलाय, म्हणून शेजारशेजारची दोन स्टेशनं हातानं वेगळी करता येतात. सगळ्या खरेदीत हा एक मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

दुसरी गोष्ट, काटा दिसतो म्हणून आतलं काम जुन्या पद्धतीचं असेलच असं नाही. हल्ली बऱ्याच रेडिओंत डीएसपीची, म्हणजे स्टेशन डिजिटल पद्धतीनं लावणारी चिप असते आणि काटा फक्त तिला आकडा सांगतो. ओळखायची खूण सोपी आहे. बटण अगदी हळू फिरवा. स्टेशन हळूहळू उगवत, स्पष्ट होत, पुन्हा मावळलं तर तो जुन्या पद्धतीचा, खरा अ‍ॅनालॉग. एकदम टप्प्याटप्प्यानं उडी मारत आलं आणि मधे आवाज दबला तर आत चिप आहे. चिपवाला वाईट नसतो, एफएमवर तर तो सरसच असतो. पण शॉर्टवेव्हवरची अशक्त स्टेशनं शोधताना मला ते सलग फिरणं हवं होतं. मधल्या खरखरीतूनच कळतं की इथं कुणीतरी आहे.

आणि ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, टॉर्च, सोलर असं सगळं एकात असलेला रेडिओ शॉर्टवेव्हसाठी घेऊ नये हे माझं स्पष्ट मत आहे. आतल्या डिजिटल भागाचीच कुरकुर एवढी असते की बाहेरचं स्टेशन त्याखाली गाडलं जातं.

दुकानात काय होतं तेही सांगते. मी म्हटलं, “दादा, शॉर्टवेव्ह लावून दाखवा.” ते म्हणाले, “ताई, त्याच्यावर आता काही लागत नाही. एफएम ऐका की, किती क्लिअर आहे बघा.” त्यांचंही चुकत नव्हतं, कारण त्या दुकानात वर एलईडीच्या माळा, समोर वीसेक चार्जर, तिथं नुसती सरसरच येणार. सेल घालून घेतले आणि विचारून रस्त्यावर गेले. संध्याकाळची वेळ होती. एरियल पूर्ण उभी केली, ३१ मीटर लावला आणि चीनचं हिंदी प्रसारण खणखणीत लागलं. दादांनी बाहेर येऊन ऐकलं आणि मग स्वतःच दुसरे दोन नग काढून दिले, “हेही बघा” म्हणून. तिन्हींत फरक होता. एकाचा काटा बटण उलटं फिरवल्यावर लगेच हलत नव्हता, मधे ढिलाई होती. एकाचा बँडचा खटका सरकवताना कर्रकर्र वाजत होता. मी घेतला त्याचं बटण जड पण सलग फिरत होतं. एकाच मॉडेलच्या नगांत एवढा फरक पडतो, तेव्हा खोकं बंद असताना पैसे देऊ नका.

आता घरचं. शहरातल्या फ्लॅटमध्ये रेडिओ चांगला की वाईट हे निम्मं घरातली वीजच ठरवते. पहिल्या आठवड्यात मी मीडियम वेव्हचा काटा खालच्या टोकाला, जिथं स्टेशन नाही तिथं ठेवला आणि रेडिओ हातात धरून घरभर फिरले. स्वयंपाकघरातल्या एलईडी ट्यूबजवळ घरघर वाढली. वाय-फायच्या अडॅप्टरजवळ वेगळीच शिट्टी. मोबाइलचा एक स्वस्त चार्जर तर पलीकडच्या खोलीतूनही ऐकू येत होता. तो बदलला, ट्यूब दुसरी आणली, आणि ४९ मीटरवर आधी नुसती खरखरीची भिंत होती तिथं माणसं बोलायला लागली. यासाठी फार खर्च झाला नाही. माझ्या शिलाई मशीनच्या मोटारीचं मात्र काही करता येत नाही. तिच्यातल्या कार्बन ब्रशच्या ठिणग्या थेट रेडिओत फडफडतात. म्हणून काज-बटण, हेमिंग, उसवणं ही हातकामं मी संध्याकाळी शॉर्टवेव्हच्या वेळेला ठेवली आहेत आणि मोटार दिवसा एफएमबरोबर चालते. एफएमला या ठिणग्यांचा विशेष त्रास होत नाही.

गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की खरा फरक कळतो. सगळी इमारत गप्प होते आणि रेडिओ उघडतो. पण शेजारपाजारचे इन्व्हर्टर सुरू झाले की त्यांची भुणभुण येते, तेव्हा पहिली काही मिनिटंच काय ती खरी.

संक्रांतीला माहेरी जुन्नरकडे गेले तेव्हा रेडिओ बरोबर नेला होता. तिथून जवळच, नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्या भागाची निवड करताना माणसांच्या यंत्रांची रेडिओ खरखर तिथं कमी आहे, हाही विचार होता. ते मला शाळेपासून माहीत होतं, पण अनुभवलं या वेळी. अंगणात, घराच्या भिंतीपासून लांब बाजेवर रेडिओ ठेवला. कर्वेनगरला जे स्टेशन असल्या-नसल्यासारखं येतं ते तिथं बोललेलं शब्दन् शब्द कळत होतं. रुमानियाचं इंग्रजी प्रसारण, व्हिएतनामचं, अरबी पठण, सगळं एका पाठोपाठ एक. रेडिओ तोच, सेलही तेच. त्यानंतर महागडा डिजिटल घ्यायचा विचार मी मनातून काढून टाकला. ज्यांना आकडा दाबून थेट स्टेशनावर जायचं आहे, किंवा हॅम मंडळींचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, एसएसबी या वेगळ्या प्रसारण पद्धतीतलं बोलणं ऐकायचं आहे, त्यांना तो लागेलच. काट्याच्या या रेडिओवर एसएसबी बदकाच्या बोलण्यासारखं ऐकू येतं, शब्द लागत नाहीत.

काय ऐकायला मिळतं, हे सगळे विचारतात. प्रामाणिकपणे सांगायचं तर पूर्वीची गर्दी राहिलेली नाही. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं, मार्च २०२५ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिका एकदम थांबलं. मला या दोन्हीचं वाईट वाटतं. माहेरी रात्रीच्या बीबीसीच्या बातम्यांना घरातलं कुणी बोललेलं चालत नसे. पण पट्टे मोकळे पडलेत हे म्हणणंही खरं नाही. चीनचं प्रसारण अनेक भाषांत, अनेक जागी, जोरात येतं. बीबीसीचं इंग्रजी येतं, जपानचं हिंदी येतं, अ‍ॅडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओचं मराठीही आहे. मधेच एखाद्या जागी सलग सरसर ऐकू येते आणि ती काट्याबरोबर ठराविक रुंदीतच राहते. ते बहुधा डीआरएम, म्हणजे डिजिटल प्रसारण. या रेडिओवर त्याचा काही उपयोग नाही, पुढं जायचं.

वेळ आणि ऋतू पाळावे लागतात. दिवसा १९, १६ मीटर, अंधार पडला की ३१, ४१, ४९. थंडीत सूर्य मावळताच ४९ मीटर भरून येतो. उन्हाळ्यात वरचे पट्टे रात्री उशिरापर्यंत टिकले, आणि सूर्यावरच्या डागांचं चक्र तेव्हा जोरात असल्यानं १६ मीटरवरही बरंच काही मिळालं. वळवाच्या दिवसांत मात्र संध्याकाळी मीडियम वेव्ह आणि खालच्या पट्ट्यांवर विजांची कडकड ऐकू येते, ढग इथं नसले तरी. मार्चच्या शेवटच्या रविवारी स्टेशनांच्या जागा बदलतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा. त्या सोमवारी नेहमीची दोन-तीन स्टेशनं जागेवर नव्हती. रेडिओ बिघडला असं समजून कुणी दुरुस्तीला नेऊ नये म्हणून मुद्दाम लिहिते.

काट्यावरचे आकडे अंदाजाचेच असतात. त्यावर उपाय असा केला: ३१ मीटरच्या पट्ट्याच्या शेवटी १०.००० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या वेळ-केंद्राचे सेकंदाचे ठोके येतात. ते जिथं लागले तिथं काचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावून बॉलपेननं बारीक रेघ मारली. मग ओळखीच्या स्टेशनांच्याही रेघा मारल्या. मापाच्या खुणा करायची हाताला सवय असल्यानं हे काम मला आवडलं. आता घड्याळ बघून मी थेट रेघेवर जाते, आणि दर वेळी डावीकडूनच येते, म्हणजे काट्याच्या ढिलाईचा फरक पडत नाही.

भुताटकीची स्टेशनं हा या जातीच्या रेडिओंचा मोठा दोष. रेडिओ आत प्रत्येक स्टेशन ज्या एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणतो ती ‘मधली फ्रिक्वेन्सी’ ४५५ किलोहर्ट्झ असते, त्यामुळे जोरदार स्टेशन आपल्या जागेवर लागतंच, शिवाय तिच्या दुप्पट, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ खाली पुन्हा एकदा लागतं. खरं ७.२१० मेगाहर्ट्झवर असलेलं स्टेशन मला ६.३०० च्या आसपासही भेटतं. नव्या जागी काही ऐकू आलं की आधी तिथून ९१० किलोहर्ट्झ पुढं जाऊन बघायचं. डबल कन्व्हर्शनच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी दोन टप्प्यांत बदलणाऱ्या रेडिओंत हे जवळजवळ नसतं, पण ते जास्त पैशांत येतात.

दुसरा दोष आपल्या पुण्याचा. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर, हडपसरचा ट्रान्समीटर, आणि तो दणकट. नुसत्या एरियलवर काही त्रास नाही. पण गॅलरीच्या ग्रिलवरून लांब तार टाकून ती एरियलला चिमट्यानं लावली की ४९ मीटरवर मागून पुण्याचं निवेदन ऐकू यायला लागतं. तार चार-पाच हातच ठेवली, तेव्हा दूरचं वाढलं आणि जवळचं घुसलं नाही. हडपसर, मांजरी भागात राहणाऱ्यांनी तार न लावलेलीच बरी. आणि आभाळ गडगडायला लागलं की तार आधी काढायची, रेडिओ नंतर बंद करायचा. याच ७९२ वर सकाळी सात दहाच्या बातम्या मात्र काचेसारख्या येतात. मीडियम वेव्हची एरियल आतल्या फेराइट दांडीत असते, त्यामुळे रेडिओ गोल फिरवून सर्वांत कमी खरखरीची बाजू शोधायची.

स्पीकर बोलण्यासाठी चांगला, गाण्यासाठी कामचलाऊ. इअरफोन लावला तर आवाज एकाच कानात येतो, मोनोचा लागतो. काट्याला दिवा नाही. पावसाळा लागल्यापासून बँडचा खटका सकाळी पहिल्यांदा सरकवताना खरखरतो, पाच-सहा वेळा पुढंमागं केला की ठीक होतो. सेल उतरायला लागले की मोठ्या आवाजात शब्द फाटतात आणि स्टेशन हलकेच सरकतं. ती सेल बदलायची खूण समजते. सेल साधेच घाला, चार्जिंगचे असले तरी चालतात, पण भिंतीतला अडॅप्टर जोडून शॉर्टवेव्ह ऐकू नका. पुन्हा तीच घरघर विकत घेतल्यासारखं होतं.

धाकट्या बहिणीलाही असाच हवा आहे, ती सासवडला राहते. तिच्यासाठी पुढच्या आठवड्यात तपकीर गल्लीत जाणार आहे. या वेळी एरियलचा खालचा सांधाही चार वेळा वळवून बघणार, कारण माझ्या रेडिओचा तो आता थोडा सैल झालाय आणि एरियल आडवी केली की तशी राहत नाही.