साधी व्हर्ना की टर्बो? उत्तर साळवणच्या रस्त्यावर

गेल्या आठवड्यात मेहुण्याचा फोन आला. "दाजी, पैशाचं जमलंय. साधी घेऊ की टर्बो?" ह्युंदाईची व्हर्नाच घ्यायची हे त्याचं ठरलेलं आहे, त्यामुळे बाकी गाड्यांचा विषय इथे काढत नाही. हाच घोळ दोन वर्षांपूर्वी मीही घालून बसलो होतो. आज माझ्या दारात टर्बो आहे आणि मामेभावाच्या दारात साधी. गेल्या फेब्रुवारीत तो कामासाठी महिनाभर पुण्याला गेला, तेव्हा बॅटरी उतरू नये म्हणून किल्ली माझ्याकडे ठेवून गेला. बॅटरी काही उतरू दिली नाही मी. दोन्ही गाड्या मॅन्युअल, त्यामुळे लिहितोय ते मॅन्युअलबद्दलच. ऑटोमॅटिक फक्त ट्रायलपुरती चालवली आहे.

आधी दिसण्याचं उरकतो. 2023 ला नवीन व्हर्ना आली तेव्हापासून टर्बोला काळे अलॉय, पुढच्या चाकांत ब्रेकचे लाल कॅलिपर आणि आत लाल छटा. कोल्हापुरात रंकाळ्यावर गाडी लावली की पोरं वाकून चाकात बघतात, हे खरं. पण कोणी लाल कॅलिपरसाठीच टर्बो घेणार असेल, तर साधी घ्यावी आणि उद्यमनगरात कोणाकडून तरी रंग मारून घ्यावा. लाखभर रुपये वाचतील.

आता इंजिन. दोन्ही दीड लिटरचीच, त्यामुळे जीएसटीच्या दरात काही फरक पडत नाही. साधीला 115 पीएस ताकद, टर्बोला 160, आणि सगळे याच आकड्यावर भांडतात. माझ्या मते तो आकडा बाजूला ठेवावा आणि टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, कुठे मिळतो ते बघावं. साधीचा 144 न्यूटन-मीटर टॉर्क पूर्ण हाती यायला इंजिन मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांवर (आरपीएम) न्यावं लागतं. टर्बोचा 253 दीड हजारालाच हजर होतो आणि साडेतीन हजारापर्यंत तसाच राहतो. बाहेर फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा एक पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो, त्याचा हा प्रताप. कागदावर हे वाचून मलाही विशेष काही वाटलं नव्हतं. कळलं ते उसाच्या ट्रॅक्टरमागे.

माझी सासुरवाडी साळवणला. फुलेवाडी नाका सोडला की बालिंगा, कळे, साळवण, पुढे गगनबावडा. हंगामात या रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर भेटला नाही असा रविवार मला आठवत नाही. दोन्ही बाजूंना ऊस उभा, वळणापलीकडचं काही दिसत नाही, आणि पुढे ताशी वीसनं डुलत चाललेली ती आगगाडी. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर म्हणून फाटकं लाल फडकं, उसाची टोकं बॉनेटपासून हातभर अंतरावर, आणि ट्रॅक्टरवर टेप फुल्ल. आपण दुसऱ्या गिअरमध्ये मागे मागे. मध्येच कुठेतरी दीड-दोनशे मीटरचा सरळ मोकळा तुकडा मिळतो. जायचं तर तेवढ्यातच.

मामेभावाची साधी घेऊन गेलो त्या दिवशी गाडीत आम्ही चौघं, डिकीत तांदळाचं पोतं. तुकडा दिसला, पाय पूर्ण दाबला. गाडी आधी विचार करते, मग आवाज चढतो, चार हजार ओलांडले की जोर येतो आणि मग निघते. निघते हं, अडत नाही. कुठे फसवलंय असं मी म्हणणार नाही. पण तिसऱ्या-चौथ्या ट्रॅक्टरनंतर माझ्या लक्षात आलं की ओव्हरटेकच्या आधी माझा डावा हात आपोआप एसीच्या बटणावर जातोय. जुन्या मारुती आठशेच्या काळातली, इंजिनावर एसीचा भार नको म्हणून लागलेली सवय! पंधरा वर्षं गेलेली, ती परत आली. एसी बंद, ओव्हरटेक, एसी चालू. पुढचा ट्रॅक्टर, परत तेच. फेब्रुवारीतली दुपार, मागून बायको म्हणाली, "अहो, एक तर बंद तरी ठेवा नाहीतर चालू तरी." आताच्या गाड्या पूर्ण पाय दिला की कॉम्प्रेसर आपणहून क्षणभर सोडतात, हे मला माहीत आहे. हाताला माहीत नाही.

माझ्याकडे वेळ मोजायचं यंत्र नाही, पण ट्रॅक्टरवरचा टेप आहे. साधी घेऊन ट्रॅक्टर ओलांडताना गाण्याचं कडवं जवळजवळ पूर्ण ऐकू येतं. टर्बोत एक ओळ, फार तर दीड. तोच दुसरा गिअर, पाय अर्धाच, आवाज न चढवता गाडी पुढे. आणि हात स्टिअरिंगवरच. मला वाटतं माझा निर्णय त्या एसीच्या बटणानं केला. तेव्हा टर्बो माझ्याकडे आधीच होती हे कबूल, पण पैसे कुठे गेले ते मला त्या दिवशी कळलं.

आता साधीची बाजू, कारण मेहुणा मला नंतर शिव्या घालायला नको. गावात साधी जास्त समजूतदार आहे. महाद्वार रोडला किंवा दाभोळकर कॉर्नरला, जिथे पहिल्या-दुसऱ्याच्या वर जाणंच होत नाही, तिथे टर्बो दीड हजाराच्या खाली झोपलेली असते आणि उठते तेव्हा दचकून उठते. क्लच जरा सांभाळून सोडावा लागतो. साधी लोण्यासारखी सरकते. तुमचं जाणं-येणं राजारामपुरी ते शाहूपुरी एवढंच असेल, तर टर्बोचे पैसे खरोखर टाकू नका.

पावसाचंही सांगतो. गगनबावड्याला जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस. जुलैत ओल्या चढावर टर्बोला दुसऱ्यात घाईनं पाय दिला की पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. साधीत हा प्रश्नच येत नाही, चुकीला माफी आहे. मेहुण्याचा पाय मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मायलेजची गंमत अशी की कंपनीच्या आकड्यात मॅन्युअल टर्बो लिटरला 20 किलोमीटर आणि साधी 18.6. म्हणजे टर्बोच जास्त. माझा अनुभव उलटा आहे. गावात मला बारा-तेरा मिळतं, मामेभावाला चौदा. हायवेला कागलकडे निवांत गेलो तर दोन्ही सतराच्या आसपास. टर्बोची टाकी इंजिनापेक्षा पायच जास्त रिकामी करतो, असा माझा अंदाज. ऑइल मात्र वेळेत बदलावं आणि गाडी ताणून आल्याआल्या इंजिन बंद न करता मिनिटभर तसंच ठेवावं. त्या मिनिटात सासूबाईंचा चहा ठेवून होतो.

पैशाचं म्हणाल तर गाडी आली तेव्हा वरच्या प्रकारात मॅन्युअलचा फरक सव्वा-दीड लाखाच्या मध्ये होता. माझ्यासाठी तो वसूल झाला. ज्याची सासुरवाडी सांगलीला आहे त्याचा कदाचित होणार नाही.

एक मात्र करा. शोरूमवाले ट्रायल हायवेवर देतात, तिथे दोन्ही सारख्याच वाटतात. मलाही वाटल्या होत्या. ट्रायल फुलेवाडी नाक्याच्या पुढे मागा, गाडीत चार माणसं बसवा आणि एसी चालू ठेवा. मेहुण्याला मी हेच सांगितलंय, आणि कारखान्यात मोळी पडायच्या, म्हणजे उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत बुकिंग कर म्हटलंय. तो म्हणाला, "दाजी, पण लाल कॅलिपर तर मिळतील ना?"