एका चित्राच्या अनेक प्रती: डामान ग्रेटिंग की सूक्ष्मभिंगं?

भिंगाने एकाच चित्राच्या अनेक हुबेहूब प्रती एकदम पाडायच्या असतील तर मी सूक्ष्मभिंगांच्या जाळीऐवजी डामान ग्रेटिंगच घेईन, म्हणजे प्रकाश वेगवेगळ्या दिशांना वळवणारी बारीक खाचांची पट्टी. १९७१ साली पुढे आलेल्या या ग्रेटिंगच्या खाचा अशा आखलेल्या असतात की प्रकाश जवळपास सारख्या तेजाच्या प्रतींत वाटला जातो. प्रत्येक प्रतीला ग्रेटिंगसोबतच्या मुख्य भिंगाचा पूर्ण व्यास मिळतो, म्हणून बारकावे टिकतात. सूक्ष्मभिंगांच्या जाळीत एकेक भिंग इवलंसं, त्यामुळे तपशील पुसट होतो. शिवाय जवळची वस्तू त्यातल्या प्रत्येक भिंगाला जराशी वेगळ्या कोनातून दिसते.

मात्र ग्रेटिंगला एकरंगी प्रकाश लागतो. खाचांची पुनरावृत्ती १०० मायक्रॉनवर आणि भिंगाचं नाभीय अंतर २०० मिमी धरा: तांबड्या हेलियम-निऑन लेसरच्या प्रती १.२७ मिमी अंतरावर पडतात, हिरव्या ५३२ नॅनोमीटरच्या १.०६ मिमीवर. पांढऱ्या उजेडात कडेच्या प्रती रंगांत फाकतात. तिथे सूक्ष्मभिंगंच बरी.