‘हिवाळ्यात असंच होतं’ असं सांगून झालेली फसवणूक, आणि ती पकडायची कशी

घराच्या छतावरची सौर यंत्रणा कमी वीज द्यायला लागली की बसवणाऱ्या कंपनीचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ऋतू बदलला. हे उत्तर अर्धं खरं असतं, म्हणून ते चटकन पटतं. हिवाळ्यात उत्पादन घटतं, ढगाळ महिन्यांत तर त्याहून जास्त घटतं. पण ते किती घटायला हवं हे आधी काढता येतं. आकडा न देता नुसतं आभाळाकडे बोट दाखवणाऱ्या माणसावर विश्वास ठेवला की काय होतं, ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

करार ६ किलोवॅटचा होता: ५०० वॅटची १२ पॅनेल, सहा-सहाच्या दोन स्ट्रिंग (एकामागोमाग एक जोडलेल्या पॅनेलच्या माळा), दोन्ही एकाच दिशेला आणि एकाच उताराला, दोन स्वतंत्र इनपुट असलेला एक इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं यंत्र). उन्हाळ्यातल्या चांगल्या महिन्यात ८३० युनिट आले. घरमालक खूश. हिवाळ्यात आकडा ६०५ वर आला. विचारल्यावर उत्तर मिळालं की सूर्य खाली गेलाय, दिवस लहान झालाय, सगळ्यांचं असंच होतं. आणि उपाय म्हणून आणखी दोन पॅनेल विकत घेण्याचा सल्ला मिळाला.

आता हिशोब बघा. त्या जागेसाठी, त्या उतारासाठी आणि त्या दिशेसाठी उन्हाळ्यातल्या त्या महिन्याची अपेक्षा ९०० युनिटची होती आणि हिवाळ्यातल्या महिन्याची ७२० ची (ही अपेक्षा कशी काढायची ते पुढे येतंच). म्हणजे ऋतूमुळे २० टक्के घट रास्त. प्रत्यक्षात घट २७ टक्के झाली. सात टक्क्यांचा फरक ‘ढग जास्त होते’ म्हणून सहज खपून जातो. खरी गोष्ट दोन स्ट्रिंगचे आकडे वेगळे काढल्यावर कळली. हिवाळ्यात पहिल्या स्ट्रिंगने ३५५ युनिट दिले होते, दुसरीने २५०. उन्हाळ्यात पहिलीने ४५०, दुसरीने ३८०. ऋतू दोन्ही स्ट्रिंगला सारखाच लागतो, एकीवर जास्त आणि दुसरीवर कमी असा नाही. म्हणजे दुसऱ्या स्ट्रिंगमध्ये दोष उन्हाळ्यातही होता. बेरीज मोठी दिसत होती म्हणून कुणी बघितलं नाही.

दोष दोन निघाले. दुसऱ्या स्ट्रिंगमधली दोन पॅनेल ५०० ऐवजी ४०० वॅटची होती. वरून सगळी सारखीच काळी दिसतात, वॅटचा आकडा मागच्या पट्टीवर असतो. कागदावर हा तोटा २०० वॅटचा, म्हणजे त्या स्ट्रिंगच्या ७ टक्क्यांहूनही कमी. पण एका माळेत जोडलेल्या सगळ्या पॅनेलमधून एकच विद्युतप्रवाह वाहतो. छोट्या पॅनेलचा प्रवाह कमी, त्यामुळे उरलेल्या चार मोठ्या पॅनेलनाही त्याच प्रवाहावर उतरावं लागतं, आणि तोटा १५ टक्क्यांच्या घरात जातो. दुसरा दोष सावलीचा. छतावरच्या टाकीची सावली हिवाळ्यात सकाळी त्याच स्ट्रिंगमधल्या पॅनेलवर पडत होती.

सावलीबद्दल कंपनीने पुन्हा तेच म्हटलं, की ही हिवाळ्यातली गोष्ट आहे. हा युक्तिवाद मान्य करू नका. सावली ऋतूनुसार येते, पण ती टाळणं हे आराखडा करणाऱ्याचं काम आहे. माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून किती वर असेल हे साध्या वजाबाकीने कळतं: ९० मधून अक्षांश वजा करा, आणि हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसासाठी आणखी २३.४ वजा करा. २० अक्षांशावर उत्तर येतं ४६.६ अंश, म्हणजे एक मीटर उंचीच्या वस्तूची भरदुपारची सावली जवळजवळ एक मीटर. ४० अक्षांशावर २६.६ अंश, सावली दोन मीटर. सकाळी नऊला ती याहून बरीच लांब. पॅनेल बसवायच्या आधी हे मोजता येत होतं, आणि मोजलं नसेल तर ती चूक ऋतूची नाही.

अशा वेळी लोक गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करतात. मधेच बिघडलेली वस्तू शोधायला ते चांगलं आहे. पण पहिल्या दिवसापासून असलेला दोष त्यात कधीच दिसणार नाही, कारण गेल्या वर्षीही तोच दोष होता. हलकी पॅनेल आणि हिवाळी सावली दरवर्षी तितकाच आकडा देतील आणि आलेख अगदी नियमित दिसेल. म्हणून तुलना बाहेरच्या मापाशीच हवी.

ते माप फुकट मिळतं. पीव्हीजीआयएस (PVGIS) आणि पीव्हीवॉट्स (PVWatts) या इंटरनेटवरच्या दोन सार्वजनिक गणनयंत्रांत जागा, किलोवॅट, उतार आणि दिशा भरली की महिन्यागणिक अपेक्षित युनिट मिळतात. दोन्हींत यंत्रणेतला तोटा १४ टक्क्यांच्या आसपास आधीच धरलेला असतो. इथे दिशेचा आकडा नीट सांभाळा. पीव्हीजीआयएसमध्ये दक्षिण म्हणजे ०, पूर्व म्हणजे उणे ९० आणि पश्चिम म्हणजे ९०. पीव्हीवॉट्समध्ये उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०. दक्षिणेकडे तोंड असलेल्या छतासाठी पीव्हीजीआयएसमध्ये १८० भरलं तर ते पॅनेल उत्तरेकडे वळवतं, अपेक्षा खाली येते आणि बिघडलेली यंत्रणाही ठणठणीत दिसते. कंपनीने दाखवलेला अंदाज नुसता वाचू नका, आकडे स्वतः भरून बघा.

महिन्याचा आकडा अपेक्षेच्या दहा टक्के वर-खाली गेला तर काळजीचं कारण नाही. ढगाळ किंवा पावसाच्या महिन्यांत २०-२५ टक्क्यांचा फरकही आभाळामुळे पडू शकतो, म्हणून निकाल निरभ्र महिन्यांवरून करा. पीव्हीजीआयएस प्रत्येक महिन्याशेजारी वर्षागणिक किती चढउतार होतो तेही देतं, ते बघून मर्यादा ठरवा. विषुववृत्ताजवळ सर्वांत कमी महिना बहुधा ढगांचा असतो, हिवाळ्याचा नाही. उलट ५० अक्षांशाच्या आसपास ऐन हिवाळ्यातला महिना उन्हाळ्यातल्या महिन्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर आला तरी तो नियमच आहे. तेव्हा ‘हिवाळ्यात निम्मं होतं’ असा सरसकट नियम कुणी सांगितला तर त्याला तुमच्या जागेचा तक्ता मागा.

उन्हाळा म्हणजे जास्तीत जास्त वीज, हाही समज फसवणाऱ्याच्या कामी येतो. पॅनेलला ऊन हवं, उष्णता नको. पॅनेलचे वॅट २५ अंश तापमानावर मोजलेले असतात. त्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के ताकद कमी होते. कडक उन्हात पॅनेलचं तापमान हवेपेक्षा २५-३० अंशांनी जास्त असतं, म्हणजे ६५ अंशांवर १२ ते १६ टक्के गेलेच. थंड, स्वच्छ दिवशी हा तोटा बराच कमी असतो. म्हणून नीट उतार दिलेल्या पॅनेलमध्ये, फार उंच अक्षांश सोडले तर, हिवाळ्यातला भरदुपारचा सर्वोच्च किलोवॅट उन्हाळ्याच्या जवळपास असायला हवा. घट दिवसाच्या बेरजेत दिसते, कारण दिवस लहान असतो. निरभ्र हिवाळी दुपारीही शिखर निम्म्यावर आलं असेल तर कारण ऋतूत शोधू नका, जोडणीत शोधा. पॅनेल सपाट ठेवलेली असतील तर मात्र हा नियम लागू होत नाही, तिथे शिखरही उतरतं.

दुपारच्या आकड्याचा साधा पडताळा असा. ६ किलोवॅटची यंत्रणा, पॅनेलच्या उतारावर मापकाने मोजलेलं ऊन दर चौरस मीटरला ९०० वॅट, पॅनेलचं तापमान ५५ अंश. ६ गुणिले ०.९ म्हणजे ५.४. उष्णतेचे साडेदहा टक्के वजा केले की ४.८. तारा, धूळ आणि इन्व्हर्टर मिळून सात टक्के काढले की साधारण ४.५ किलोवॅट. पडद्यावर ४.३ दिसले तर ठीक. ३.६ दिसले तर कंपनीला बोलवा.

दिवसभराचा आलेख सगळ्यांत जास्त बोलतो, त्यामुळे महिन्याच्या बेरजेवर थांबू नका. निरभ्र दिवस निवडा आणि पाच-दहा मिनिटांच्या नोंदींचा आलेख उघडा. गुळगुळीत घुमट असेल आणि तो नुसता अरुंद झाला असेल (सपाट पॅनेलवर बुटकाही), तर तो ऋतू. रोज ठरावीक वेळी खाच पडत असेल आणि ती वेळ आठवड्यागणिक हळूहळू सरकत असेल, तर ती सावली. वरचा भाग कापल्यासारखा सपाट असेल तर इन्व्हर्टरची मर्यादा लागतेय. यात पॅनेलचे किलोवॅट इन्व्हर्टरपेक्षा थोडे जास्त ठेवण्याची पद्धत असल्याने दर वेळी दोष असतोच असं नाही. भर उन्हात आकडा थेट शून्यावर जाऊन काही मिनिटांनी परत चढत असेल, तर बहुधा ग्रिडचा, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याचा, व्होल्टेज मर्यादेबाहेर जाऊन इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतोय. इन्व्हर्टरच्या त्रुटी-नोंदीत ते लिहिलेलं सापडतं. आणि आकार शाबूत, पण सगळी उंची एकाच दिवसापासून निम्मी, तर एक स्ट्रिंग बंद पडलीय. जळालेला कनेक्टर, उडालेला फ्यूज किंवा बंद राहिलेला आयसोलेटर (वीज तोडायचा खटका) ही त्याची नेहमीची कारणं. ऋतू कधीच एका दिवसात येत नाही.

बायपास डायोडचा (सावलीतल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेणाऱ्या भागाचा) बिघाड मात्र हळूच निसटतो. बहुतेक पॅनेलमध्ये तीन डायोड असतात. एक शॉर्ट झाला की त्या पॅनेलचा एक तृतीयांश भाग कायमचा बाद होतो. सहा पॅनेलच्या स्ट्रिंगमध्ये हा तोटा साडेपाच टक्के, एकूण बेरजेत तर त्याच्या निम्माच. तो दोन स्ट्रिंगच्या व्होल्टेजची एकाच क्षणी तुलना केली तर दिसतो.

ही तुलना इन्व्हर्टरच्या पडद्यावर किंवा ॲपमध्ये करा, तारा उघडून नाही. स्ट्रिंगमधला डीसी दाब शेकडो व्होल्टचा असतो, आणि चालू स्थितीत कनेक्टर ओढला तर विजेचा जाळ (आर्क) पेटतो जो सहजासहजी आपोआप विझत नाही. मोजमाप लागलंच तर ते प्रशिक्षित इलेक्ट्रिशियनकडून, आधी इन्व्हर्टर आणि मग आयसोलेटर बंद करून.

ॲपमध्ये स्ट्रिंगचे आकडे दिसत नसतील तर बहुधा कंपनीने तुम्हाला अपुरा प्रवेश दिलाय. मालकाचं खातं तुमच्या नावावर मागा. वायफाय तुटल्याने नोंदी गळाल्या तर महिना खोटाच कमी दिसतो, त्यासाठी महिन्याच्या पहिल्या तारखेला इन्व्हर्टरच्या पडद्यावरची आजवरची एकूण युनिट आणि जनरेशन मीटरचा (सौर उत्पादन मोजणाऱ्या मीटरचा) आकडा यांचे फोटो काढून ठेवा. दोन्हींत दोन-चार टक्क्यांचा फरक चालतो. नेट मीटर किंवा बिलावरून उत्पादन काढू नका. तिथे फक्त बाहेर गेलेली आणि आत आलेली वीज असते, घरातच वापरलेली सौर वीज तिथे दिसतच नाही.

हंगामात उत्पादन घटलं की धुण्याचं खास द्रावण आणि काचेवरचं लेपन विकणारेही येतात. त्यांना हो म्हणण्याआधी एकच स्ट्रिंग साध्या पाण्याने, पॅनेल थंड असताना सकाळी धुवा, दुसरी तशीच ठेवा. धुण्याआधीच्या आणि नंतरच्या निरभ्र दिवशी दोन्हींचं गुणोत्तर काढा. ते दोन टक्क्यांनी हललं तर धूळ तेवढीच होती. जास्तीची पॅनेल विकणाऱ्याला विचारा की सगळ्यांत थंड सकाळी स्ट्रिंगचा एकूण ओपन-सर्किट व्होल्टेज (प्रवाह वाहत नसतानाचा व्होल्टेज) किती होईल आणि इन्व्हर्टरची कमाल मर्यादा किती. थंडीत व्होल्टेज वाढतो, आणि मर्यादा ओलांडली तर इन्व्हर्टर जळू शकतो, वॉरंटीही जाऊ शकते.

पॅनेल छतावर चढण्यापूर्वी प्रत्येकाच्या मागच्या पट्टीचा फोटो, अनुक्रमांकांची यादी आणि त्याच अनुक्रमांकांचे कारखान्यातले चाचणी-अहवाल घ्या. आधीच बसली असतील तर तपासणीच्या वेळी खालून फोटो काढून घ्या. करारात वर्षाचा एकच आकडा स्वीकारू नका, बारा महिन्यांचा तक्ता जोडायला लावा. वार्षिक आकड्यावर हिवाळ्यात तक्रार केली की ‘वर्ष पूर्ण होऊ दे’ असं सांगून दिवस काढले जातात. जोडणीच्या कामाची हमी पॅनेलच्या पंचवीस वर्षांच्या हमीपेक्षा फार छोटी असते आणि त्या वाट पाहण्यातच ती संपते. म्हणून तक्रार फोनवर करू नका, लेखी करा. त्यात महिन्याची अपेक्षा आणि प्रत्यक्ष युनिट, एका निरभ्र दिवसाचा दोन्ही स्ट्रिंगचा आलेख, त्रुटी-नोंदीची प्रत आणि मीटरचे फोटो जोडा, आणि पोच घ्या. ती हमीच्या मुदतीत पोचली असेल, तर दुरुस्ती नंतर झाली तरी खर्च कंपनीच्या गळ्यात घालायला तुमच्या हातात कागद राहतो.