टोल खासगी की सरकारी? डीएनडी आणि अटल सेतू

दिल्ली-नोएडाला जोडणारा डीएनडी उड्डाणमार्ग 2001 साली खासगी पैशातून सुरू झाला. सरकारच्या तिजोरीला तोशीस नाही, हा त्याचा मोठा आधार. पण मेख करारात होती: बांधणाऱ्या कंपनीला एकूण खर्चावर वर्षाला 20 टक्के परतावा, आणि वसुली त्याहून कमी पडली तर तूट पुन्हा खर्चात मिळवायची. म्हणजे गाड्या टोल भरत राहणार आणि कंपनीचं येणं वाढतच जाणार. व्याजावर व्याज चढवणाऱ्या सावकाराची वही याहून वेगळी नसते. 2016 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने हा टोल बंद केला. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू एमएमआरडीए या सरकारी संस्थेने जपानी कर्जातून बांधला. कारला एका फेरीचे 250 रुपये. रोज जाणाऱ्याच्या खिशाला ते जडच. गाड्या कमी आल्या तर कर्जाचा भार शेवटी आपल्यावरच. तरीही दर राज्य मंत्रिमंडळ ठरवतं, त्याचा जाब विधानसभेत विचारता येतो.

मला दुसरा, म्हणजे सरकारी मार्ग बरा वाटतो. खासगी पैसा घ्यायचाच, तर वसुलीची शेवटची तारीख टोलनाक्यावरच्या फलकावर ठळक लिहा.